मनिऑर्डरपासून वादळापर्यंत: कोकणातल्या घरांचा ताण आणि मुलं

शाळेची वेळ झाली की पोट दुखणारी मुलगी, सातवीत गेला तरी अंथरूण ओलं करणारा मुलगा, कालपर्यंत शहाणा असलेला आणि आज वर्गात हात उगारणारा पोरगा. अशा तक्रारींवर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दोनच निदानं होत आली. बाहेरचं काही लागलं असेल, नाहीतर पोर वांड निघालं असेल. पहिल्यावर भगत किंवा देवळातला कौल, दुसऱ्यावर शिमटी. तुमच्या घरात सध्या काय चाललंय, हे विचारायची रीत नव्हती. विचारलंच तर तो चोंबडेपणा ठरायचा.

या घरांवरचा ताण कुठून आला, हे पाहायचं तर मुंबईपासून सुरुवात करावी लागते. तिथली पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष गिरणगावात जात राहिले. (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता, तो 1 मे 1981 ला वेगळा झाला.) कातळावरच्या भाताने आणि नाचणीने वर्ष निघत नव्हतं. त्यामुळे बाप्ये मुंबईच्या खोलीत आणि खानावळीत, तर बायका, मुलं आणि म्हातारी माणसं गावाला, अशी घराची वाटणीच झाली. जिल्हा मनिऑर्डरवर चालतो, असं म्हटलं जायचं ते यामुळेच.

मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी चिंचोळी जागा असायची. मुलांना मिळणारा बाप महिनाभर तेवढाच. पैसे वेळेवर आले तर ठीक, लांबले की घराची हवा बदलायची. दुकानात उधारी मागायला मुलालाच पाठवलं जाई, कारण लहान पोराला दुकानदार फार बोलत नाही. आईने सांगितलेलं वाक्य घोकत जायचं, वही पुढे सरकवायची आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घरची तंगी समजत नाही, असं मोठी माणसं मानत आली. त्या वहीचं पान मात्र त्याला पाठ असायचं.

बाप घरी नाही म्हणून पोरं बिघडली, हे विधान कोकणात सर्रास ऐकू येतं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. मुलांच्या मनावरच्या संशोधनाचा इतिहासही याच वळणाने गेला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने इंग्लंडमधल्या शहरांतून लाखो मुलं खेड्यापाड्यांत हलवली गेली. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषक बायांनी लंडनमध्ये युद्धकाळात चालवलेल्या बालगृहांत त्यांना दिसलं, की बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं मुलांना जास्त लागतं. 1951 साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात ताटातुटीलाच मध्यभागी आणलं. मग बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी त्यात मोलाची दुरुस्ती केली. 1964-65 मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावरच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, पुढे तिची तुलना लंडनच्या एका दाट वस्तीशी केली गेली. लंडनमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं आणि त्याची मुळं बरीचशी घरातली भांडणं, आईचं आजारपण, अपुरी जागा यांत सापडली. रटर यांच्या कामातून पुढे आलेला मुद्दा असा: आईबाप आजारपणामुळे काही काळ दूर गेले म्हणून मुलाचं वागणं फारसं बिघडत नाही, भांडणापोटी दूर गेले तर बिघडतं. शिवाय एखादी अडचण मूल पेलतं. दोन-चार एकदम आल्या की त्रास बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

हे कोकणाला लावून बघा. चाकरमानी बाप दूर होता, पण त्याच्या येण्याला तिथी होती: गणपती, शिमगा, मे महिना. घरात आजी होती, चुलती होती, वाडीत शंभर डोळे होते. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं माग काढला. गरिबी, भांडणं, आईबापाचं व्यसन अशा घरांत वाढूनही त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट निघाली. त्यांच्यापाशी बहुधा एक तरी खंबीर मोठं माणूस होतं, पुष्कळदा आजी-आजोबाच. आपल्याकडे आज्यांनी हे काम बिनबोभाट केलं. (आजी आणि सून यांच्यात बोलणं बंद असलं, तर तीच आजी ताणाचं कारणही व्हायची, ही गोष्ट निराळी.)

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसं गावी परतली. ज्याची वाट बघायची तो बाप आता बाराही महिने ओटीवर बसलेला. हाताला काम नाही, पैसे नाहीत, मान नाही. काहींनी बाटली जवळ केली. पोरांना बापाच्या पावलांच्या आवाजावरून संध्याकाळ कशी जाणार याचा अंदाज बांधायला शिकावं लागलं. अमेरिकेत 1929 नंतरच्या महामंदीत वाढलेल्या मुलांवर ग्लेन एल्डर यांनी केलेलं काम इथे आठवतं. उत्पन्न बुडाल्याचा थेट फटका मुलांना जेवढा बसला नाही, तेवढा तो चिडक्या, लहरी झालेल्या बापामार्फत बसला. नवरा-बायकोचं नातं घट्ट होतं तिथे कमी बसला.

असं सतत कानोसा घेत जगणं शरीरातही उतरतं. धोक्याच्या वेळी वाढणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक पुन्हा खाली यायला हवं, ते येत नाही. झोप उडते, लक्ष लागत नाही, पाठांतर टिकत नाही, नि मास्तर म्हणतात, मन नाही अभ्यासात. 1998 साली विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट आंडा यांनी कॅलिफोर्नियातल्या हजारो प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. बालपणी घरात मारहाण, व्यसन, दुर्लक्ष असं जितकं जास्त भोगलेलं, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण जास्त, असं त्यातून दिसलं.

किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत ताणाचं वेळापत्रकच आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद आणि शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर. वह्या, गणवेश, छत्री, सगळा खर्च नेमका होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना. घरातली धुसफुस आणि मुलाचं शाळेत न रुळणं एकाच पंधरवड्यात का येतं, याचं उत्तर बालमानसशास्त्राआधी या वेळापत्रकात मिळतं.

मग 2020 आलं. टाळेबंदीत मुंबईकर परतले, एका पडवीत दोन बिऱ्हाडं झाली. 3 जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ, जुलैत चिपळूणचा पूर आणि महाडजवळ तळियेची दरड. पोफळ नव्याने लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे लावली तेव्हा पहिलीत असलेलं मूल सुपारी हाती येईपर्यंत हायस्कुलात. आपत्तीनंतर मुलं कितपत सावरतात, हे बरंचसं आईबाप कितपत सावरलेत यावर ठरतं, असं जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. आपले पंचनामे मात्र झाडं आणि कौलं मोजतात.

उपचारांचा इतिहास त्या मानाने तोकडा आहे. रत्नागिरीचं मनोरुग्णालय ब्रिटिश अमदानीतलं, पण गावोगावी त्याचं नाव निघतं ते थट्टेतच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला 1982 मध्ये, संपाच्याच वर्षी. तो जिल्हा पातळीवर नेण्याची योजना 1996 ची. भर मोठ्यांच्या तीव्र आजारांवर राहिला. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलामुलींत मानसिक आजार आढळला. यात धिंगाणा घालणारा मुलगा निदान कुणाच्या तरी डोळ्यांवर येतो. धाकट्यांना सांभाळणारी, आईबापांच्या मध्ये उभी राहणारी, कधी उलट न बोलणारी थोरली मुलगी गुणाची म्हणूनच ओळखली जाते आणि सुटून जाते.

ऑक्टोबर 2022 पासून मनाच्या त्रासासाठी टेलिमानसची 14416 ही मोफत फोनसेवा सुरू आहे, मुलांच्या मदतीसाठी 1098 हा नंबर आधीपासून आहे. पण भांडणाच्या रात्री मुलाला यातला नंबर फिरवायचा असेल, तर पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो ज्याची भीती वाटते त्याच्याच खिशात असतो.