झाकणं, टॉर्च आणि तेलकट क्यूआर कोड

कळव्यातल्या एका शाळेत मी शनिवारी नववीच्या पोरांना विज्ञान शिकवायला जातो, म्हणजे शिकवायला कसलं, सिलॅबसबाहेरचं काहीतरी घेऊन जातो आणि दोन तास दंगा करून येतो. यावेळी विषय होता माहिती इथून तिथे पोचते कशी. पहिल्यांदा विचारलं तर भराभर उत्तरं आली, वायफाय, टॉवर, सॅटेलाईट, केबल. सगळी रस्त्यांची नावं! त्या रस्त्यावरून जातं काय आणि वाटेत धक्के खाऊन ते धड पोचतं कसं, हे कोणीच बोललं नाही, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे.

सुरुवात ठाणे स्टेशनपासून केली. संध्याकाळी सातची गर्दी, बाजूच्या ट्रॅकवरून मेल धडधडत चाललीये, शेजारचा माणूस फोनवर ओरडतोय, आणि अनाउन्समेंट सुरू. मराठीतला प्लॅटफॉर्म नंबर आवाजात बुडाला तर हिंदीत मिळतो, तिथेही हुकला तर इंग्रजीत. तीन भाषा तीन प्रकारच्या लोकांसाठी आहेत हे खरंच, पण गोंगाटावरचा उपाय म्हणूनही त्या फुकटात कामाला येतात.

मग फळ्यावर लिहिलं, ‘मझ मठ बहण ठण्यल आल’. सगळ्यांनी एका सुरात वाचलं, माझी मोठी बहीण ठाण्याला आली. मात्रा, वेलांट्या सगळं पुसलं होतं तरी! नीट बघा, पूर्ण वाक्यात आपण ती बाई आहे हे चार वेळा सांगतो, माझी, मोठी, बहीण, आली. त्यातलं तीनदा पुसलं गेलं तरी एकट्या ‘बहण’वरून बाकीचं परत उभं राहतं. व्याकरणाच्या तासाला ज्या लिंगाचा वैताग येतो ते इथे स्टेपनीसारखं उपयोगी पडतं. (मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा फरक साधारणपणे करतच नसत, तरी पेशवाईचा कारभार चाललाच की.)

आता टॉर्च. व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन गट, टॉर्च चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य, एका सेकंदाला एक. असा एक हो-नाही म्हणजे एक बिट, हा शब्द अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या 1948 च्या निबंधाने जगभर पोचवला. पाच बिट घेतले की 32 खुणा होतात, त्यात इंग्रजी अक्षरं बसतात पण आपली मुळाक्षरं आणि मात्रा मावत नाहीत, त्यामुळे पोरं जरा नाराज झाली. एसएमएसमध्ये पण हेच होतं. एका मेसेजमध्ये जागा 1120 बिटची, इंग्रजी अक्षराला 7 लागतात म्हणून 160 अक्षरं, देवनागरीला 16 म्हणून फक्त 70, आणि त्यात ‘की’ म्हणजे क वेगळा आणि वेलांटी वेगळी मोजतात.

तर इंग्रजी अक्षरांत ‘चहा’ पाठवायचा ठरला, सी एच ए एच ए, पाच अक्षरं, 25 बिट. सी तिसरा, म्हणजे 00011. नेमका शेवटच्या एकच्या वेळी शिपाईकाका चहाचा ट्रे घेऊन मधून गेले, 00010 झालं, पलीकडे सी चा बी झाला आणि चहाचं ‘भहा’. हसून हसून पुरेवाट! यावर उपाय काय, तर एक पोरगा म्हणाला प्रत्येक बिट तीनदा दाखवू, दोनदा जे दिसेल ते खरं. बरोबर आहे, पण 75 सेकंद लागतात आणि तोवर हात दुखतो.

इथे मी पिशवीतून सोड्याच्या बाटल्यांची झाकणं काढली. तेच 25 बिट पाच बाय पाचमध्ये मांडायला सांगितले, उताणं झाकण एक, पालथं शून्य. मग ‘जरा मोठं दिसू दे’ म्हणून मी प्रत्येक ओळीच्या आणि उभ्या रांगेच्या टोकाला आणि शेवटी कोपऱ्यात एकेक झाकण वाढवलं, असं की कुठेही मोजा, उताणी झाकणं समच भरतील. मी भिंतीकडे तोंड केलं, एकाने गुपचूप एक झाकण उलटलं. वळून मी ते बरोब्बर उचललं. वर्ग गार! जादू काही नाही, एक आडवी ओळ विषम झाली आणि एक उभी, दोघींची जिथे फुली तिथे चोर. 11 झाकणं जास्त, म्हणजे 36, 75 नव्हे.

हे डोकं चालवायला लागले गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग, शॅननच्याच बेल लॅब्समध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत. शनिवार-रविवारी त्यांचं गणित मशीनवर चालायचं, चूक सापडली की मशीन ते सोडून पुढच्या कामाला लागायचं आणि सोमवारी हातात काही नाही. वैतागून त्यांनी विचार केला की मशीनला चूक झालेली कळते तर कुठे झाली हे का कळू नये, आणि त्यातून चूक शोधून दुरुस्त करणारा 1950 चा तो प्रसिद्ध हॅमिंग कोड आला.

एकाच्या काकांची स्टेशनबाहेर वडापावची गाडी आहे, तो म्हणाला सर आमच्या क्यूआरवर चटणी सांडलीये तरी पैसे येतात. तिथेही जास्तीची झाकणंच, फक्त गणित जास्त तगडं, 1960 साली रीड आणि सॉलोमन यांनी मांडलेलं. कोड बनवताना कितपत संरक्षण हवं ते निवडता येतं, सगळ्यात वरच्या पातळीला साधारण 30 टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी चालतं. आम्ही एका छापील कोडवर कागदाचे तुकडे चिकटवत गेलो, बराच वेळ स्कॅन होत राहिला, पण कोपऱ्यातला मोठा चौकोन झाकला आणि संपलं. त्या तीन चौकोनांत माहिती नसते, कोड कुठे आहे हे कॅमेऱ्याला त्यांच्यावरून कळतं, त्यामुळे चटणी तिथे सांडू नका एवढंच.

जाता जाता मागच्या बाकावरच्या पोरीने परत झाकणं मांडायला लावली. आधी दोन उलटली, मला कळलं की गडबड आहे पण कुठली दोन ते सांगता येईना. मग म्हणाली आता वळा परत. वळून बघितलं तर सगळ्या ओळी सम, सगळ्या रांगा सम. मी म्हटलं काहीच उलटलं नाहीस. तिने एका चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवरची झाकणं दाखवली, चारही उलटलेली होती.