जुनी बोट नाही तं डोंगा विकायचा आहे? आधी हे वाचून घ्या

(आमच्या वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी)

गोसेखुर्द धरणाचं पाणी अडल्यापासून पवनीच्या आजूबाजूला फायबरच्या बोटी आणि इंजिनं बरीच वाढली, त्याच्या आधी मामा (म्हंजे माजी मालगुजारी) तलावावर लाकडाचा नाही तं पत्र्याचा डोंगा एवढंच काय ते होतं. आता यातल्या कित्येक बोटी जुन्या झाल्या, कोणाला मोठी पाह्यजे, कोणाच्या पोरानं धंदा सोडला, कोणत्या संस्थेचा तलावाचा ठेका गेला, आणि मंग आमच्याकडं येऊन सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ हिचे किती येतील आन कधी येतील. म्हणून हा कागद छापला. आम्ही बोट दुरुस्त पण करतो आणि विकून पण देतो, पण यातलं बरंचसं काम तुमचं तुम्ही घरीच करू शकता.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. घेणाऱ्याला जे दिसत नाही त्याचे पैसे तो कापतो. बोट पाण्यात अर्धी बुडून आहे, आत चिखल आणि जाळ्याचे तुकडे पडले आहेत, इंजिनवर ताडपत्री, मंग तो मनातल्या मनात धरून चालतो का खाली काहीतरी फुटलेलं असेल, आणि त्याच हिशोबानं भाव सांगतो. म्हणून बोट बाहेर काढा, दोन ओंडक्यांवर ठेवा, खालून वरून धुवा, पूर्ण सुकू द्या. एवढ्यानंच भावात फरक पडतो, खर्च फक्त अंगमेहनतीचा.

फायबरची बोट असेल तं

घेणारा जाणकार असेल तं तो आधी ट्रान्सम पाहतो, म्हंजे मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतो ती. बैलबाजारात दात पाहतात तसंच हे. फायबरच्या आत बहुतेक प्लायवूड असतं, बोल्टच्या छिद्रातून पाणी शिरलं का ते सडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तुम्हीच आधी तपासून घ्या, छोट्या हातोडीनं ठोकून पाहा, टणक आवाज आला तं ठीक, भदभद आवाज आला तं आत ओल आहे. इंजिन लावलेलं असताना त्याचं खालचं टोक धरून वरखाली हलवा, फळी हलली नाही पाह्यजे. फळी सडली असेल तं ती बदलून विकायची का तशीच सांगून विकायची हे बोटीच्या वयावर आहे, दहा-बारा वर्षं जुन्या छोट्या बोटीला आम्ही तरी नवीन ट्रान्सम टाकायला सांगत नाही, तो खर्च निघत नाही.

बारीक केसासारख्या चिरा वरच्या जेलकोटमधे, म्हंजे बाहेरच्या चकचकीत थरात असतात, त्या बहुतेक नुसत्या दिसायला वाईट. पण बोट दाबली तं चीर उघडते असं असेल तं आतून फायबरची मॅट आणि रेझिन लावून घ्या. एम-सील चोपडू नका राजेहो! लोकं एम-सीलचं ठिगळ पाहिलं का पळतात, छिद्र बोटाएवढं असते आणि त्याले वाटते बोट दुभंगली होती. तसंच विकायच्या आठवडाभर आधी सगळ्या बोटीला नवा कलर मारणं, हे पण उलटं पडते, नव्या कलरखाली काय लपवलं असंच विचारतात. रबिंग कंपाऊंड मारून पॉलिश करा, बस.

लाकडी डोंग्याचं वेगळं आहे, तो फार दिवस उन्हात ठेवला का फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात, मंग गिऱ्हाइकासमोर पाण्यात सोडला का गळते. दाखवायच्या आधी सांधे भरून, डांबर लावून, एक रात्र पाण्यात ठेवून पाहा. पत्र्याच्या डोंग्यात तळाचा गंज आणि रिवेट पाहतात, दुसरं काही नाही.

इंजिन, खरे पैसे इथंच आहेत

आमच्याकडं तं बोटीपेक्षा इंजिन आधी विकल्या जाते. इंजिन पिकअपमधे टाकून कुठंही नेता येते, सोळा-अठरा फुटाची बोट इथून इटियाडोहला नाही तं नवेगावबांधला न्यायची म्हंजे ट्रॅक्टर-ट्रॉली, चार माणसं, मागं लाल कपडा. म्हणून दोन्हीचा भाव वेगवेगळा काढून ठेवा, एकत्र मागितलं तं एकत्र द्या, नुसतं इंजिन मागणारा आला तं घाई करू नका, कारण इंजिन गेल्यावर रिकामी बोट महिनोन् महिने अंगणात पडून राहते. गिऱ्हाईक जवळच्याच तलावावरचं असेल तं बोट पोचवून देतो म्हणा, भाव न सोडता सौदा होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन पाण्याबाहेर चालू करून दाखवू नका. आत रबरी पंखा असतो पाणी ओढणारा, इम्पेलर, तो कोरडा फिरला का थोड्याच वेळात जळते, आणि गिऱ्हाइकाला "पाहा कसं एका झटक्यात लागलं" म्हणून दाखवता दाखवता चांगलं इंजिन गरम करून ठेवणारे लोकं आम्ही पाहिले. ड्रममधे पाणी भरा, खालचा भाग बुडवा आणि मंग सुरू करा. बाजूनं पाण्याची धार नीट निघाली पाह्यजे, नाही निघाली तं इम्पेलर बदला नाही तं गाळ साफ करा, नदीच्या गढूळ पाण्यात हे होतेच.

गियर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा ढिला करून पाहा, तेल दुधासारखं पांढरट निघालं म्हंजे आत पाणी गेलं, सील गेली. आपल्याकडं याचं मोठं कारण तंगूस आहे, म्हंजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, त्याचा तुकडा बाहेरच्या पंख्यामागं (प्रोपेलरमागं) शाफ्टला गुंडाळला जाते आणि हळूहळू सील कापते. पंखा काढा, तंगूस काढा, सील बदलून घ्या, हा खर्च मात्र करायचाच, कारण पांढरं तेल दिसलं का घेणारा पूर्ण गियरबॉक्स गेला असं धरून पैसे कापतो.

टाकीतलं जुनं पेट्रोल फेका. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलात ओलावा लवकर येते आणि कार्बोरेटर चिकटते. टू-स्ट्रोक असेल तं ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमधे पाहा, बऱ्याच इंजिनला एका लिटरला वीस मिली लागते, जास्त टाकलं तं धूर होते आणि लोकाले वाटते पिस्टन गेला. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका, हुशार माणूस आल्या आल्या हात लावून पाहतो, थंड इंजिन दोरीच्या दोन-चार झटक्यात लागलं का त्याचा अर्धा प्रश्न मिटते.

कागद

इंजिनचं बिल शोधा, नंबर जुळतो का पाहा. बिल नसलेलं इंजिन चोरीचं तं नाही ना ही शंका येतेच. इंजिनवाल्या बोटीला इनलँड व्हेसल्स ॲक्ट 2021 लागू आहे, नोंदणी झालेली असेल तं नुसते पैसे घेऊन मोकळे होऊ नका, मालकी पण घेणाऱ्याच्या नावावर करा, नाही तं उद्या अपघात झाला का नाव तुमचंच निघते.

बोट योजनेतून घेतली असेल, जसं 2020 पासूनची मत्स्यसंपदा योजना, तं विकायच्या आधी मंजुरीचं पत्र आणि तुम्ही सही केलेला करारनामा काढून वाचा. अनुदानाच्या वस्तूला अटी असतात. मत्स्य विभागाच्या ऑफिसात विचारून लेखी घ्या. अशी बोट आम्ही त्या कागदाशिवाय विकायला घेत नाही, ओळखीचा माणूस असला तरी नाही.

भाव आणि गिऱ्हाईक

तशीच नवीन बोट आज कितीला येते ते विचारा, तुम्ही घेतली तेव्हाची किंमत सोडून द्या. मंग जुन्याच्या तीन-चार जाहिराती पाहा. त्याच्यावर थोडी घासाघीस होईल एवढंच वर ठेवा. दुप्पट सांगून खाली येऊ म्हणणाऱ्याला फोनच येत नाहीत, आणि दोन महिने एकच जाहिरात दिसली का लोकं म्हणतात हिच्यात काहीतरी खोट आहे. दोष असेल तं फोनवरच सांगा, तिथंच भाव ठरते. पन्नास किलोमीटरवरून येऊन ज्याला दोष सापडला तो मंग वचपा काढतो.

विकायची वेळ दोन, एक पावसाळ्यात तलाव भरत असतात तेव्हा, दुसरी दिवाळीनंतर धानाचे पैसे हातात आले का. एप्रिल-मे मधे मामा तलाव आटतात, तेव्हा बोट दुरुस्त करा, विकायच्या मागं लागू नका.

मच्छीमार संस्था घ्यायला आली तं पाच-सहा जण येतील, प्रत्येकाचं मत वेगळं, चिडू नका. त्यांना ठराव करावा लागते, पैसे चेकनं येतात, म्हणून इसार घ्या, ठरावाची कॉपी मागा आणि चेक वटल्याशिवाय इंजिन देऊ नका. ऑनलाइन गिऱ्हाईक असेल आणि न पाहताच "घेतली" म्हणत असेल, मी फौजेत आहे, हा क्यूआर स्कॅन करा पैसे येतील असं म्हणत असेल, तं फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

ट्रायलला सगळ्यांना लाइफ जॅकेट, पोहणारा असो का नसो. वारा सुटला असेल तं मोठ्या पाण्यात नेऊ नका, आणि बुडीतातल्या झाडांचे खुंट कुठं आहेत ते तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही, सुकाणू पहिल्यांदा तुमच्याच हातात ठेवा.

आमच्याकडून तपासून घ्यायची असेल तं तपासणीचे पैसे वेगळे लागतात, बोट आमच्याच हातून विकली तं ते कमिशनमधून वजा करतो. नुसतं इंजिन आणत असाल तं टाकी रिकामी करून, उभं बांधून आणा, फोर-स्ट्रोक आडवं टाकलं का ऑइल नको तिथं जाते, आणि येताना बिल नक्की आणजा.