तुंबणाऱ्या शहराचं गणित

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधल्या होत्या, हे दर पावसाळ्यात बातम्यांमध्ये येतं. त्याच हिशोबातली दुसरी गोष्ट मात्र फारशी छापून येत नाही. पडलेल्या पावसापैकी निम्मंच पाणी गटारापर्यंत पोहोचेल आणि उरलेलं मातीत, झाडांखाली, खाचखळग्यांत राहील, असं त्यात धरलं होतं. म्हणजे गटारांवर प्रत्यक्ष भार होता ताशी साडेबारा मिलिमीटरचा. आता ताशी 50 मिमीची सर आली आणि त्यातलं 90 टक्के पाणी गटाराकडे धावलं, तर भार होतो 45 मिमी. पाऊस दुप्पट, पाणी मात्र साडेतीन पटींहून जास्त.

किती टक्के पाणी वाहून जातं, या आकड्याला अभियंते अपधाव गुणांक म्हणतात. पत्रा, गच्ची, डांबर, काँक्रीट यांचा गुणांक 0.85 ते 0.95 असतो, तर झाडी आणि गवत असलेल्या सपाट जमिनीचा 0.1 ते 0.3 च्या आसपास. एक हेक्टर जागेवर तासात 50 मिमी पाऊस पडला, तर एकूण पाणी झालं 5 लाख लिटर. जागा पूर्ण काँक्रीटची असेल, तर त्यातून सेकंदाला सुमारे 125 लिटर पाणी बाहेर पडतं, गुणांक 0.3 असेल, तर 42 लिटर. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी लवकर पळतं. सगळ्या गल्ल्यांचं पाणी मुख्य नाल्यात एकाच वेळी येऊन थडकतं आणि तासभर चालणारा लोंढा वीस मिनिटांत उरकतो. नाला फुटतो तो याच वीस मिनिटांत.

1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या आराखड्याने, मुंबईसाठी ताशी 50 मिमी ही क्षमता सुचवली आणि गुणांक धरला थेट 1. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडल्यावर त्या कामांनी वेग घेतला. गुणांक 1 म्हणजे शहरात थेंबभरही पाणी मुरणार नाही, असं धरून चालणं. भरतीच्या वेळी समुद्रच पाणी आत ढकलत असतो, त्यामुळे मुंबईत मोठे पंप आणि रुंद नाले लागणारच. पण पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांनी हाच धडा उचलून नुसते पाइप मोठे करत जाणं मला चुकीचं वाटतं. पाऊस किती पडावा हे कुणाच्या हातात नसतं, पण गुणांक बऱ्याच अंशी नगररचनेच्या हातात असतो.

आता एक रस्ता घेऊ. रुंदी 8 मीटर, लांबी 125 मीटर, म्हणजे 1000 चौरस मीटर. पहिल्या 25 मिमी पावसात त्यावरून साधारण 22,500 लिटर पाणी वाहील. रस्त्याकडेला 60 चौरस मीटरचा खोलगट वाफा केला, म्हणजे 1.2 मीटर रुंद आणि 50 मीटर लांब, तर हे जवळजवळ सगळं पाणी त्यात मावतं. वाफ्याच्या पृष्ठभागावर 15 सेंटीमीटर पाणी साठू द्यायचं: 9,000 लिटर. खाली 50 सेंमी मातीचं मिश्रण, त्यातल्या पोकळ्यांत सुमारे 6,000 लिटर. त्याखाली 30 सेंमी खडी, तिच्यात आणखी 6,000 च्या वर. मिश्रणात निम्म्याहून अधिक जाड वाळू, पाव भाग माती आणि उरलेलं कुजलेलं खत. काळी माती घालायची नाही. ती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाणंच थांबतं. वाळा आणि कर्दळ अशा जागी चांगल्या तगतात.

आपल्याकडे हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर. रस्त्याकडेचे आणि दुभाजकांमधले वाफे आपण दोन-दोन वीत उंच बांधतो, वर कर्बस्टोन लावतो, त्याला पिवळे-काळे पट्टे ओढतो. पावसात रस्त्याचं पाणी वाफ्यात जात नाही. उलट वाफ्यातली माती रस्त्यावर येते आणि गटाराची जाळी बुजवते. वाफा रस्त्यापेक्षा खाली हवा. कर्बमध्ये ठरावीक अंतरावर हातभर रुंदीच्या फटी हव्यात आणि फटीच्या आत लगेच 5 सेंमीचा उतार हवा, नाहीतर तोंडाशी गाळ साचून फट दोन सरींतच बंद होते. जास्तीच्या पाण्यासाठी गटाराला जोडलेलं उभं चेंबर लागतं, त्याचं तोंड वाफ्यातल्या मातीच्या पृष्ठभागापासून 15 सेंमी वर. डासांची शंका रास्त आहे. पण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढायला साधारण आठवडा लागतो आणि नीट बांधलेला वाफा 24 ते 48 तासांत कोरडा होतो. त्याहून जास्त वेळ पाणी दिसलं, तर वरचा गाळ खरवडायची वेळ झाली, असं समजायचं.

जमीन पाणी किती पिते, हे आधी मोजायला पैसे लागत नाहीत. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणायचा, एकदा भरून पूर्ण जिरू द्यायचा, मग पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजायचं. दख्खनच्या पठारावर मुरमाचा थर लागला, तर पाणी झपझप उतरतं. अखंड काळा पाषाण लागला, तर जागचं हलत नाही. तासाला 12-15 मिमीपेक्षा कमी उतरत असेल, तर तिथे मुरवण्याचा हट्ट सोडावा आणि खडीच्या तळाशी सच्छिद्र पाइप टाकून पाणी हळूहळू गटारात सोडावं. मुरलं नाही तरी ते उशिरा पोहोचतं, आणि नाल्याच्या दृष्टीने तेवढंही पुष्कळ आहे.

पेव्हर ब्लॉकबद्दल एक गैरसमज पक्का झालेला आहे. ब्लॉक बसवले म्हणजे पाणी मुरतं असं सांगितलं जातं, पण सोसायटीच्या आवारात ब्लॉकखाली बहुधा काँक्रीटचा थर असतो आणि सांध्यांत दगडाची भुकटी. त्यातून पाणी जाणार कुठे? पाणी मुरवायचं असेल, तर खाली वेगवेगळ्या जाडीच्या धुतलेल्या खडीचे थर हवेत आणि सांध्यांत 2 ते 6 मिमीची ग्रिट, म्हणजे बारीक खडी. वर्षातून एकदा सांधे साफ करून ग्रिट पुन्हा भरावी लागते. शेजारी बांधकाम चालू असेल, तर सिमेंट-वाळूच्या धुळीने हे सांधे एका हंगामात बुजतात. तोवर काम पुढे ढकललेलं बरं.

गच्चीचं पाणी सगळ्यात सोपं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. 500 चौरस मीटर गच्चीवरचं पहिलं 500 ते 1000 लिटर धुळीचं आणि पक्ष्यांच्या विष्ठेचं पाणी वेगळ्या झडपेने बाहेर सोडायचं, बाकीचं शोषखड्ड्यात. खड्ड्यात तळाला दगडगोटे, मध्ये खडी, वर जाड वाळू. गाळ वाळूवरच अडतो, म्हणून दरवर्षी वाळूचा वरचा थर काढून धुवावा लागतो. हे न केल्यानेच बरेच शोषखड्डे दोन-तीन वर्षांत नुसते कागदावर उरतात.

या सगळ्याची मर्यादाही स्पष्ट आहे. चीनने 2015 मध्ये 16 शहरांत ‘स्पंज शहर’ योजनेचे पथदर्शी प्रकल्प सुरू केले. पुढे या योजनेवर मोठा खर्च केलेल्या चंगचौ (झेंगझोऊ) शहरामध्ये 20 जुलै 2021 ला एका तासात 201.9 मिमी पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत पाणी शिरून माणसं दगावली. वाफे आणि खडी नेहमीच्या सरींसाठी असतात; ढगफुटीचं पाणी कोणत्या वाटेने जाणार, हे वेगळं ठरवावं लागतं. 2 जुलै 2011 च्या अतिवृष्टीनंतर कोपनहेगनने नेमकं हेच केलं. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही जमिनीवर 10 सेंमीपेक्षा जास्त पाणी साचू नये, हा निकष ठेवला आणि काही रस्ते मध्यभागी खोलगट करून पाण्याच्या वाटा म्हणूनच आखले.

आपल्या शहरांत ही वाट बहुतेकदा आधीपासून असते. तिला ओढा म्हणतात. पुण्याच्या आंबिल ओढ्याला 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पूर आला, तेव्हा ती कुठून जाते ते त्याने दाखवून दिलं. ओढ्याचं पात्र अरुंद करून भिंती घातल्या की पाण्याचा वेग आणि उंची दोन्ही वाढतात आणि वाहून आलेलं झाड पहिल्याच कमी उंचीच्या पुलाला अडकतं. सिंगापूरने कलांग नदीचा 2.7 किलोमीटरचा काँक्रीटचा सरळ कालवा फोडून बिशान-आंग मो किओ उद्यानातून 3.2 किलोमीटरची वळणं घेणारी नदी केली. एरवी लोक काठावर बसतात, पूर आला की उद्यानाचा उतार पाण्याखाली जातो.

ओढा सोडला, तर दुसरी वाट रस्ताच असते, आणि तीही आपण बुजवतो. जुना थर न खरवडता वर नवा डांबराचा थर टाकला की रस्ता दरवेळी चार-पाच सेंमी चढतो. चार वेळा असं झालं की शेजारच्या जुन्या चाळीचं जोतं रस्त्याच्या खाली जातं आणि पाणी घरात शिरतं. नवं काँक्रीट करताना तर एकाच झटक्यात तेवढा फरक पडू शकतो. त्यामुळे काम सुरू होण्याआधी लगतच्या जोत्यांची पातळी मोजून ती नकाशावर लिहिलेली असावी आणि रस्त्याचा माथा तिच्याखाली राहील, ही अट टेंडरमध्येच हवी.