प्लग लावलाय, पण चार्जिंग चालू आहे का?

कॅम्परव्हॅन आठवड्याहून जास्त दिवस नेणाऱ्या ग्राहकांसाठी

दोन-तीन दिवसांसाठी गाडी नेणाऱ्यांना विजेची अडचण सहसा येत नाही. रोज थोडंफार फिरणं होतं आणि चालत्या गाडीवर बॅटरी भरत राहते. अडचण येते ती मालवण, गुहागर, दापोलीला गाडी एकाच जागी दहा-पंधरा दिवस उभी राहते तेव्हा. अशा मुक्कामातून येणाऱ्या फोनवर पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "प्लग लावलेला आहे, तरी सगळं बंद पडलंय. तुमची बॅटरी खराब आहे."

बॅटरी खराब नसते, रिकामी झालेली असते. प्लग सॉकेटमध्ये असतो, पण सॉकेटमध्ये वीज नसते.

हे होतं कसं, ते बघा. तुम्ही संध्याकाळी पोचता आणि ज्यांच्या आवारात गाडी उभी करता त्या यजमानांच्या पडवीतल्या बोर्डात आपली वायर लावता. त्या घरात झोपण्याआधी पडवीतली सगळी बटणं बंद करायची सवय असते. काकू दिवा बंद करतात आणि त्याच हाताने आपल्या सॉकेटचं बटणही. त्यांची चूक नाही, त्यांचं घर आहे. कधी एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडतो, कधी दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट जाते आणि परत आल्यावर कोणी बघत नाही. तुम्ही दुपारी गाडीच्या दारावरची स्क्रीन बघता तेव्हा ॲम्पियरचा आकडा अधिकमध्ये, म्हणजे बॅटरी भरताना दिसतो, म्हणून निश्चिंत होता. पण तो अधिक टपावरच्या सोलरचा असतो. रात्री फ्रिज, पंखा आणि चालू राहिलेला इन्व्हर्टर बॅटरी खात राहतात, झाडाच्या सावलीतलं सोलर दिवसा त्याची भरपाई करू शकत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या सकाळी पाण्याचा पंपही चालत नाही.

म्हणून एकच विनंती, आणि हे माहितीपत्रक मुख्यतः तेवढ्यासाठीच आहे: रोज अंधार पडल्यावर, आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा, दारावरच्या छोट्या स्क्रीनवर ॲम्पियरचा आकडा बघा. आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर प्लग लावलेला असला तरी चार्जिंग होत नाहीये. अधिक 20 ते 30 दिसत असेल तर चार्जर काम करतोय. बॅटरी 100 टक्के असताना शून्याच्या आसपास दिसलं तरी ठीक. सूर्य मावळल्यावरच बघायला सांगतो, कारण तेव्हा सोलर मध्ये येत नाही आणि आकडा फक्त प्लगचं खरं सांगतो. वायरीसोबत एक चिकटपट्टीही देतो, "बटण बंद करू नये" असं छापलेली. ती बोर्डावर लावा आणि यजमानांना तोंडीही सांगून ठेवा.

सगळं बंद पडलंच, तर घाबरू नका. लिथियम बॅटरी फार खाली गेली की स्वतःला वाचवण्यासाठी आतूनच वीज तोडते. गाडीतली सगळी बटणं बंद करा. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे याची खात्री करा, मग आपला प्लग लावा आणि अर्धा तास थांबा. आमचा चार्जर अशी बॅटरी परत जागी करतो. नुसत्या सोलरने ती जागी होत नाही, कारण सोलरच्या कंट्रोलरला आधी बॅटरीकडूनच वीज लागते. एवढं करूनही स्क्रीन उजळली नाही तरच फोन करा. पुण्याहून मालवणपर्यंत माणूस पाठवायचा तर आमचा पूर्ण दिवस जातो, आणि तेवढ्यात दुसरी एखादी गाडी तयार करायची राहते. म्हणूनच बंद बटणामुळे माणूस पाठवावा लागला तर त्याचा खर्च आकारतो. खरा बिघाड निघाला तर एक रुपयाही घेत नाही.

हिशेब युनिटमध्ये ठेवा

घरच्या बिलातलं युनिट इथेही चालतं. बॅटरी 200 ॲम्पियर-अवरची आहे, म्हणजे साधारण अडीच युनिट. त्यातली दोन वापरायची, बाकी शिल्लक ठेवायची. कोकणातल्या हवेत फ्रिज दिवसाला 0.6 ते 0.7 युनिट घेतो. दिवे, पंखे, पंप आणि फोन मिळून अर्धं युनिट होतं. दिवसभर लॅपटॉपवर काम असेल तर आणखी अर्धं. आणि काही न लावता नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टरही 24 तासांत अर्ध्या युनिटच्या आसपास खातो, म्हणून काम झालं की त्याचं बटण बंद करा. फोन 12 व्होल्टच्या यूएसबीवर चार्ज होतात, त्यांना इन्व्हर्टर लागतच नाही.

टपावरचं 400 वॅटचं सोलर हिवाळ्यात मोकळ्या जागी रोज सव्वा ते दीड युनिट देतं. मात्र पॅनेलवर एका झावळीची सावली पडली तरी उत्पन्न बरंच घटतं. सकाळ-संध्याकाळ सावली चालेल, पण दहा ते तीन टप मोकळा हवा. माडाखाली तर गाडी लावूच नका, कारण वर नारळ असतात. पावसाळ्यात भरून आलेल्या दिवशी सोलर निम्म्याहूनही कमी देतं, तेव्हा प्लगशिवाय लांबचा मुक्काम ठरवू नका.

फ्रिजबद्दल एक सांगायचं राहिलं. बाजारातून ताजे बांगडे आणि सुरमई आणून एकदम फ्रिजमध्ये भरली की कॉम्प्रेसर रात्रभर थांबत नाही. मासळीसाठी आम्ही वेगळी बर्फाची पेटी देतो. मासळी बाजारात बर्फ मिळतोच. फ्रिज 4 अंशांवर ठेवा, त्याहून खाली नेऊन फायदा नाही.

"इन्व्हर्टर मोठा का नाही बसवत?"

हे आम्हाला फार विचारलं जातं, विशेषतः घरून इंडक्शन शेगडी आणि किटली घेऊन येणारे ग्राहक विचारतात. 1000 वॅटचा इन्व्हर्टर आम्ही विचार करून ठेवलाय. 2000 वॅटची शेगडी 12 व्होल्टवर चालवायची तर बॅटरीतून 170-180 ॲम्पियर ओढले जातात आणि दोनदा स्वयंपाक केला की दिवसभराची वीज संपते. त्यासाठी गाडीत गॅस आहे. 5 किलोचा सिलिंडर भरून देतो आणि दुसरा हवा असल्यास तोही मिळतो. मिक्सर, लॅपटॉप, कॅमेऱ्याचा चार्जर हे सगळं 1000 वॅटमध्ये आरामात चालतं. केस वाळवायचा ड्रायर, इस्त्री आणि गीझर मात्र चालणार नाहीत.

एसी फक्त बाहेरच्या विजेवर आणि फक्त मोठ्या, 16 ॲम्पियरच्या सॉकेटवर चालतो. घरातलं नेहमीचं सॉकेट 6 ॲम्पियरचं, म्हणजे जेमतेम 1380 वॅटचं. एसी आणि चार्जर मिळून त्याच्या वर जातात, मग यजमानांच्या घरातला एमसीबी पडतो आणि पुन्हा रात्रभर चार्जिंग बंद. संध्याकाळी व्होल्टेज खूप उतरलं तर एसी आपोआप थांबतो. हे संरक्षण आम्हीच बसवलंय, तो बिघाड नव्हे.

प्लग लावण्याआधी गाडीसोबतचा तीन दिव्यांचा टेस्टर सॉकेटमध्ये लावून अर्थिंग बघा. जुन्या घरांत कधी कधी ते नसतं. अर्थिंग नसलेल्या सॉकेटला गाडी जोडू नका. अर्थिंग नसताना बिघाड झाला तर गाडीच्या पत्र्याचा शॉक बसू शकतो, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून त्या पत्र्याला हात लावणारं एखादं मूलही असू शकतं. वायरीचं रीळ पूर्ण उलगडा, सॉकेट पाच मीटरवर असलं तरीही. गुंडाळलेली वायर भार वाढला की तापते.

गाडीत किंवा गाडीला टेकून जनरेटर लावायला आमची मनाई आहे आणि तिच्यात सूट नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचा जीव गेला तो जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने. त्या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळत नाही. बॅटरी भरण्यासाठी उभ्या गाडीचं इंजिन तासन् तास चालू ठेवणंही याच कारणाने टाळा. त्यापेक्षा दोन तासांची चक्कर मारून या, तेवढ्यात पाऊण युनिट जमा होतं.

आपल्या वायरीवर छोटा मीटर आहे. निघताना त्याचा आकडा यजमानांना दाखवून युनिटप्रमाणे पैसे द्या. चार्जिंगचे रोज दोन-अडीच युनिट होतात, रात्रभर एसी लावला तर आणखी सात-आठ. हिशेब समोर असला की कोणाचं मन दुखावत नाही आणि पुढच्या वेळी त्याच खळ्यात आनंदाने जागा मिळते.

दहा दिवसांच्या वर मुक्काम असेल तर 200 वॅटचं घडीचं पॅनेल भाड्याने घ्या, असं आम्ही सुचवतो. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात, अशी सोय होते. एसी लागणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा. 16 ॲम्पियरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग स्वतः तपासलेल्या जागांची यादी आमच्याकडे आहे, त्यातली तुमच्या वाटेवरची जागा सुचवू.