हेज आणि ट्रॅप: बॉल स्क्रीनवर बिग पुढे आला, पण कशासाठी?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा कुठलाही सामना लावा, हे दृश्य दिसतंच. ड्रिबलरसाठी स्क्रीन लागते, म्हणजे एक साथीदार (स्क्रीनर) त्याच्या बचावपटूच्या वाटेत अंगाने आडवा उभा राहतो; स्क्रीनरला धरणारा उंच बचावपटू, म्हणजे बिग, आपला माणूस सोडून बॉलवर धावतो आणि क्षणभर ड्रिबलरसमोर दोघं उभे राहतात. कुणी याला हेज म्हणतं, कुणी ट्रॅप. ट्रॅपलाच ब्लिट्झ हे दुसरं नाव आहे, आणि जोरात केलेल्या हेजला ‘हार्ड हेज’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पहिलं अर्धं सेकंद दोन्ही सारखंच दिसतं. मात्र हेजमध्ये बिग परत जाण्यासाठी आलेला असतो आणि ट्रॅपमध्ये थांबण्यासाठी. मागच्या तिघांनी कुठे उभं राहायचं, हे सगळं यावरूनच ठरतं.

आधी हेज घेऊ. बॉल उजव्या विंगवर, म्हणजे उजव्या कडेला आहे आणि ड्रिबलर स्क्रीन वापरून मधे येणार आहे, असं समजा. स्क्रीन लागण्याआधीच बिग स्क्रीनरच्या बरोबरीला येऊन उभा असतो, एक हात त्याच्या कमरेजवळ. ड्रिबलर निघाला की बिग एक-दोन लांब पावलं टाकून त्याच्या वाटेत आडवा जातो. इथे छातीची दिशा महत्त्वाची. ती उजव्या साइडलाइनकडे, म्हणजे ड्रिबलर जिकडून येतोय तिकडे हवी. छाती हाफ-कोर्टकडे वळली, तर ड्रिबलर खांद्याला घासून थेट बास्केटकडे घुसतो. बिग नीट आडवा आला, तर ड्रिबलरला हाफ-कोर्टच्या दिशेने वळसा घालावा लागतो. तेवढ्या वेळात त्याला धरणारा गार्ड स्क्रीनरच्या वरून, पण बिगच्या पाठीमागून निघतो आणि पुन्हा बॉलसमोर येतो. गार्ड पोचला की बिगचं काम संपलं. तो हात वर ठेवून आधी पेंटकडे, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याकडे पळतो आणि मग आपला माणूस शोधतो. स्क्रीनर जिकडून गेला त्याच वाटेने मागे लागणारा बिग हमखास उशिरा पोचतो.

ट्रॅपमध्ये बिग नुसती वाट अडवत नाही, थेट बॉलवर चालून जातो. गार्ड त्याच्या पाठीमागून निघत नाही. तो ड्रिबलरच्या दुसऱ्या बाजूला चिकटून राहतो आणि मागे जायची वाट बंद करतो. कबड्डीतल्या साखळीसारखी दोघांमध्ये फट उरता कामा नये: आतले पाय जवळजवळ एकमेकांना लागलेले, गुडघे वाकलेले, हात बॉलच्या उंचीवर. बॉलवर झडप घालायची नाही. बॉल हिसकावणं हे ट्रॅपचं काम नाहीच. उंच, तरंगता, संथ पास टाकायला लावणं हे आहे. तो पास मागच्या तिघांपैकी कुणीतरी पकडायचा असतो.

आता मागचे तिघं. हेजमध्ये त्यांनी फार हलायचं नसतं. स्क्रीनर बास्केटकडे रोल झाला, म्हणजे वळून पळाला, की लांबच्या (बॉलच्या विरुद्ध) बाजूचा एक जण पेंटमध्ये येऊन त्याला छातीने टॅग करतो, म्हणजे अडवतो, सुमारे सेकंदभर, आणि बिग परतला की आपल्या माणसाकडे जातो. बाकीचे दोघं आपापल्या माणसापासून एक-दोन पावलं आत. कुणीही माणूस बदलत नाही.

ट्रॅपमध्ये तिघांना चौघं सांभाळायचे असतात, आणि म्हणून ‘आपला माणूस’ ही कल्पनाच सोडावी लागते. एक जण रोलरवर (रोल झालेल्या स्क्रीनरवर) फाउल लाइनपर्यंत, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत चढतो. उरलेल्या दोघांपैकी एक बॉलच्या सर्वांत जवळचा पास धरतो, दुसरा लांबच्या दोघांच्या मधे उभा राहून पासरचे डोळे बघतो. बॉल ट्रॅपमधून सुटला की बिगने जुन्या माणसामागे धावायचं नाही. जो मोकळा असेल, बहुधा लांबच्या बाजूचा, त्याच्याकडे जायचं. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात: बिग सवयीने आपल्या स्क्रीनरकडे पळतो, तिथे आधीच एक जण चढलेला असतो, आणि कॉर्नरमध्ये शूटर एकटा उरतो.

म्हणून सामन्याचं फुटेज बघताना बॉलकडे बघून अंदाज बांधू नका. लांबच्या बाजूच्या सर्वांत खालच्या बचावपटूकडे बघा. तो टॅग करून परत निघाला, तर हेज. तो रोलरवर चढला आणि त्याच्या जागी दुसरा सरकला, तर ट्रॅप. समोरचे दोघं एक करतायत आणि मागचे तिघं दुसरं, असं दिसलं तर पुढे सोपी बास्केट होणार असं धरून चाला.

बिघाड होतो तोही असाच. हेजमध्ये बिग अर्धं सेकंद जास्त रेंगाळला, तर समोर आपोआप ट्रॅप तयार होतो, पण मागे टॅग सोडून सगळे आपापल्या माणसाकडे परतलेले असतात आणि रोलर मोकळा. उलट, ट्रॅपमध्ये गार्ड घाईने बिगच्या मागून निघाला, तर दोघांमध्ये दार उघडतं आणि ड्रिबलर त्यातून घुसतो. मागे तिघं आधीच फिरलेले असल्याने सावरायला कुणी नसतं.

शहाणे संघ दोघांनाही वेगवेगळी औषधं देतात. हेजविरुद्ध स्लिप: बिग पुढे सरकलेला दिसला की स्क्रीनर स्क्रीन पूर्ण न लावताच बास्केटकडे पळतो. किंवा पॉप: शूट करणारा सेंटर तीन गुणांच्या रेषेबाहेर जातो आणि बिगला परतायचं अंतर वाढतं. पुरुषांच्या डिव्हिजन 1 मध्ये, म्हणजे कॉलेजच्या सर्वांत वरच्या गटात, 2019-20 पासून ही रेषा 22 फूट 1¾ इंचांवर गेली, त्यामुळे हे अंतर आणखी महाग पडतं. ट्रॅपविरुद्ध शॉर्ट रोल चालतो: स्क्रीनर फाउल लाइनपाशीच थांबतो, तिथे बॉल घेतो आणि समोर चार विरुद्ध तीन. ड्रिबलर आधी दोन ड्रिबल मागे घेतो, तेही याचसाठी; दोघं त्याच्यामागे बाहेर खेचले जातात आणि पाससाठी कोन मोकळा होतो.

कॉलेजमध्ये दोन्ही बचाव इतके का टिकले, याला नियमांचा हात आहे. एनबीए या व्यावसायिक लीगमधला बचावाचा तीन सेकंदांचा नियम (कुणाला न धरता पेंटमध्ये तेवढ्याहून जास्त थांबायचं नाही) इथे नाही, त्यामुळे टॅग करणारा पेंटमध्ये आधीच उभा राहू शकतो. पेंटही 12 फूट रुंद, एनबीएत 16. शिवाय पुरुषांच्या सामन्यात ड्रिबल संपवून बॉल धरलेल्या खेळाडूला बचावपटूने 6 फुटांच्या आत येऊन रोखलं, तर पाच सेकंदांची मोजणी सुरू होते; तेवढ्यात बॉल सुटला नाही, तर तो हातचा जातो. चांगल्या ट्रॅपला हा नियम आयताच मिळतो.

प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या व्हर्जिनिया विद्यापीठाने हेज वर्षानुवर्षं वापरला. त्यांच्या पॅक लाइन बचावात बॉलवरचा सोडून बाकीचे चौघं आत दाटीने उभे असायचे, त्यामुळे बिग बाहेर जाऊन परतेपर्यंत रिंग उघडी पडत नसे. 2019 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ओव्हरटाइममध्ये टेक्सास टेकला 85-77 हरवणारा संघ हाच. केल्विन सॅम्पसन यांचं ह्यूस्टन मात्र ड्रिबलरवर दोघांना घालण्यासाठी ओळखलं जातं, आणि त्यासाठी मागचे तिघं किती चपळ लागतात ते त्यांच्या एखाद्या सामन्यातही कळतं.

निवड करायची तर पासरकडे बघून. ड्रिबलर उंच आणि पास पाहणारा असेल, तर ट्रॅप म्हणजे त्याला चार विरुद्ध तीन आंदण देणं. तिथे हेज बरा. तो बुटका असेल किंवा स्वतःच शूट करायच्या नादात असेल, तर ट्रॅप, आणि तोही साइडलाइनजवळ, हाफ-कोर्ट ओलांडल्यावर लगेच, म्हणजे दोन्ही रेषा आपल्या बाजूने खेळतात. बिग जड असेल, तर यातलं काहीच नको. तो मागेच राहू द्या.

फाउलचा हिशेबही वेगळा पडतो. हेजमध्ये फाउल बिगवर लागतो, कारण तो चालत्या ड्रिबलरच्या आडवा जातो आणि शेवटच्या पावलाला नितंब बाहेर फेकतो. कॉलेजमध्ये पाच फाउलवर खेळाडू बाद. पहिल्या हाफमध्ये बिगवर दोन लागले की बरेच प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतात, किंवा त्याचा हेज मऊ करतात: एक पाऊल पुढे, लगेच मागे. ट्रॅपमध्ये फाउल बहुधा गार्डवर, बॉलवर हात मारताना. पुरुषांच्या सामन्यात हाफमधल्या सातव्या सांघिक फाउलपासून वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा) सुरू होतं, दहाव्यापासून दोन फ्री थ्रो. सहा फाउल झालेले असताना ट्रॅपमध्ये हात घालणं म्हणजे अडकलेल्या ड्रिबलरला स्वतःहून लाइनवर पोचवणं.