अक्षरांपासून ध्वनीपर्यंत : चित्रपटाचा प्रकार सांगणाऱ्या ट्रेलरची पार्श्वभूमी

ट्रेलरमधली पहिली काही दृश्ये पाहूनच आजचा प्रेक्षक समोरचा चित्रपट भयपट आहे, प्रेमकथा आहे की युद्धपट, हे ओळखतो आणि तो आपल्यासाठी आहे की नाही, हेही त्याच क्षणी मनाशी ठरवून टाकतो. ही ओळख इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांची घडण आहे, हे सहसा लक्षात येत नाही. ती घडवणारे बहुतेक लोक दिग्दर्शक नव्हते. चित्रपटगृहांचे जाहिरात व्यवस्थापक, स्टुडिओबाहेरच्या कंपन्यांमधले संकलक, निवेदक आणि अलीकडे केवळ ट्रेलरसाठी संगीत रचणारे संगीतकार यांचे हे काम आहे. चित्रपटाचा प्रकार सांगण्याची जबाबदारी आधी पडद्यावरच्या अक्षरांवर होती, मग ती निवेदकाच्या आवाजावर आणि संकलनाच्या गतीवर आली आणि आता मुख्यतः संगीताने आणि ध्वनीने ती उचलली आहे.

सुरुवातीचे उदाहरण म्हणून ज्याचा नेहमी उल्लेख होतो, ते चित्रपटाचे नव्हतेच. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमधील मार्कस लो यांच्या चित्रपटगृहांचे जाहिरात व्यवस्थापक निल्स ग्रॅनलंड यांनी ब्रॉडवेवरील ‘द प्लेझर सीकर्स’ या संगीतिकेसाठी एक छोटा प्रसिद्धिपट तयार करवून घेतला आणि तो चित्रपटगृहात दाखवला. त्याच सुमारास क्रमशः चित्रपटांचे भाग लोकप्रिय होत होते. नायिकेला संकटात सोडून भाग संपवायचा आणि पुढच्या आठवड्यात काय होणार याची उत्सुकता लावून प्रेक्षकाला घरी पाठवायचे, ही युक्ती जाहिरातदारांनी तिथूनच उचलली. या जाहिराती आरंभी मुख्य चित्रपटानंतर दाखवल्या जात. परंतु चित्रपट संपताच लोक उठून जातात, हे दिसल्यावर त्यांना खेळाच्या आधीची जागा मिळाली.

१९१९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या कंपनीने या धंद्याला शिस्त लावली. आरंभी ती स्टुडिओंच्या परवानगीशिवाय स्थिरचित्रांवर काम भागवत असे. पुढे स्टुडिओंनीच करार करून तिला चित्रपटातील दृश्ये पुरवायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशके अमेरिकेतील ट्रेलरांचा मोठा भाग या एकाच कंपनीच्या हातून गेला आणि त्या काळातले ट्रेलर एकमेकांसारखे दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. पडद्यावर सरकत येणारी मोठी अक्षरे, ‘भव्य’, ‘थरारक’, ‘अविस्मरणीय’ अशा विशेषणांची रेलचेल, ताऱ्यांची नावे आणि मधूनमधून चार दृश्ये, असा तो साचा होता. बोलपटाच्या आगमनानंतरही त्याचा स्वभाव फारसा बदलला नाही. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’च्या ट्रेलरमध्ये जॉन मिलजन हा अभिनेता प्रेक्षकांकडे तोंड करून चित्रपटाची वाखाणणी करतो, म्हणजे अक्षरांची जागा माणसाने घेतली एवढेच.

अमेरिकी ट्रेलरांच्या अभ्यासक लिसा कर्नन यांनी ट्रेलरच्या आवाहनाचे तीन आधार सांगितले आहेत : चित्रपटाचा प्रकार, कथा आणि तारे. जुन्या काळात या तिन्हींना एकाच वेळी हात घातला जाई, कारण चित्रपट सर्वांसाठी असतो असे गृहीत धरलेले होते. युद्धपटाच्या ट्रेलरमध्येही प्रणय, विनोद आणि गाणे यांचे आश्वासन असे. एकाच तिकिटात घरातल्या प्रत्येकाला काही ना काही मिळेल, असा त्याचा सूर असे. त्यामुळे प्रकार ओळखता येई, पण तो ठामपणे सांगितला जात नसे.

या साच्याबाहेर गेलेले ट्रेलर मोजके आहेत आणि म्हणूनच ते मोलाचे आहेत. ऑर्सन वेल्स यांनी ‘सिटिझन केन’साठी मुद्दाम वेगळे चित्रीकरण केले, त्यात वेल्स पडद्यावर दिसत नाहीत, केवळ त्यांचा आवाज नटांची ओळख करून देतो. १९६० मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘सायको’च्या सहा मिनिटांहून मोठ्या ट्रेलरमध्ये स्वतः प्रेक्षकांना घटनास्थळी हिंडवून आणले. चित्रपटातले दृश्य त्यांनी जवळपास दाखवलेच नाही. ते एका दारापाशी थांबतात, काहीतरी सांगू लागतात आणि वाक्य अर्धवट सोडतात. दूरचित्रवाणीमुळे त्यांचा चेहरा आणि त्यांचे संथ बोलणे घरोघरी परिचित झाले होते, त्यामुळे ते स्वतःच रहस्यपटाची खूण ठरले होते. भयपटाची ओळख दडवण्यातूनही पटवता येते, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच कोणी दाखवले होते.

खरे वळण १९६० च्या दशकात आले. १९६४ मध्ये पाब्लो फेरो यांनी ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’च्या ट्रेलरमध्ये क्षणार्धात बदलणारी दृश्ये आणि एकेक सुटा शब्द असा मारा केला, त्याच वर्षी अँड्र्यू क्यून यांनी ‘द नाइट ऑफ द इग्वाना’चे ट्रेलर तीव्र छायाप्रकाशात आणि जेम्स अर्ल जोन्स यांच्या खोल आवाजात बांधले. क्यून यांनी १९६८ मध्ये कॅलिडोस्कोप फिल्म्स ही स्वतःची कंपनी काढली आणि ट्रेलर हे स्वतंत्र कसब म्हणून रुजले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून अमेरिकेत वयानुसार वर्गीकरणाची पद्धत लागू झाली, तिचा परिणाम मला इतर कोणत्याही तांत्रिक बदलापेक्षा खोल वाटतो. चित्रपट सर्वांसाठी असण्याची सक्ती संपली, म्हणून ट्रेलरलाही आपला प्रेक्षक निवडावा लागला. सर्वांना दाखवता येणारे हिरव्या पट्टीचे आणि केवळ प्रौढांच्या चित्रपटाआधी दाखवायचे लाल पट्टीचे ट्रेलर, हा भेदही याच वर्गीकरणातून आला.

पुढे १९७५ मध्ये ‘जॉज’ अमेरिकेतील चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी लागला आणि त्याआधी दूरचित्रवाणीवर देशभर त्याच्या जाहिरातींचा भडिमार झाला. पूर्वी बरेच चित्रपट शहराशहरांतून हळूहळू फिरत आणि तोंडी प्रसिद्धीला वेळ मिळे. आता पहिल्याच आठवड्याच्या शेवटी गर्दी खेचायची होती आणि अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत एकच गोष्ट सांगता येत होती. त्यामुळे ‘हा चित्रपट कोणत्या प्रकारचा’ हाच संदेश सर्वांत पुढे आला. ट्रेलरचे निवेदक डॉन लाफॉन्टेन यांच्या घनगंभीर आवाजाचे महत्त्व याच गरजेतून वाढले. ‘अशा एका जगात, जिथे…’ या त्यांच्या ठरावीक सुरुवातीची पुढे बरीच नक्कल झाली, पण ती विलक्षण काटकसरीची होती : एका वाक्यात काळ, स्थळ आणि संकट उभे राहत असे.

प्रकार हा दृश्यांमध्ये असतो की त्यांच्या मांडणीत, या प्रश्नाचे सर्वांत लख्ख उत्तर २००५ मध्ये रॉबर्ट रायंग या तरुण सहायक संकलकाने दिले. संकलकांच्या संघटनेने घेतलेल्या स्पर्धेसाठी त्याने ‘द शायनिंग’ या भयपटातील दृश्ये घेऊन एका हळव्या कौटुंबिक चित्रपटाचे ट्रेलर रचले. दृश्ये तीच, नटही तेच. निवेदकाचा उबदार आवाज, योग्य ठिकाणी तोडलेली वाक्ये आणि पीटर गेब्रियल यांचे एक प्रसन्न गाणे एवढ्या भांडवलावर कुऱ्हाड घेऊन धावणारा बाप मायेचा भुकेला माणूस वाटू लागला. पाठोपाठ अनेकांनी याच्या उलट प्रयोग करून मुलांचे चित्रपट भयपट करून दाखवले. या खेळातून सामान्य प्रेक्षकालाही कळले की ज्याला आपण चित्रपटाचा प्रकार समजतो, तो दोन दृश्यांमधल्या अंतरात आणि त्याखाली वाजणाऱ्या स्वरात लपलेला असतो.

यानंतर निवेदक मागे पडला आणि ध्वनीने त्याची जागा घेतली. २०१० मध्ये ‘द सोशल नेटवर्क’चे ट्रेलर मार्क वूलन यांच्या कंपनीने एका समूहगायनावर बांधले आणि संगणकासमोर बसलेल्या तरुणांच्या कथेला शोकांतिकेचे वजन आले, त्याच वर्षी ‘इन्सेप्शन’च्या प्रसिद्धीतील पितळी वाद्यांचा तो खर्जातला आघातही गाजला. दोन्हींची इतकी नक्कल झाली की संथ लयीत गायलेले जुने गाणे आज भयपटालाही लावले जाते आणि महानायकाच्या साहसपटालाही, आणि माझ्या मते त्यामुळे ही खूण आता बोथट झाली आहे. दरम्यान ट्रेलर फोनवर पाहिले जाऊ लागले आणि बोटाच्या एका हालचालीने ते टाळता येऊ लागले, म्हणून कित्येक ट्रेलरच्या आधी त्याच ट्रेलरचा काही सेकंदांचा अर्क जोडला जातो.

आकर्षणाच्या या ओढाताणीत ट्रेलर किती खरे असावे, हा वाद न्यायालयातही गेला. ‘ड्राइव्ह’चे ट्रेलर वेगवान पाठलागपटाचे वाटले, प्रत्यक्षात चित्रपट तसा नव्हता, अशी तक्रार २०११ मध्ये अमेरिकेतील एका प्रेक्षक स्त्रीने केली, तो दावा टिकला नाही. २०२२ मध्ये मात्र ‘येस्टरडे’च्या ट्रेलरमध्ये दिसणारी अ‍ॅना डी आर्मास चित्रपटात नाही, म्हणून दोघांनी युनिव्हर्सलवर दावा लावला, तेव्हा ट्रेलर ही कलाकृती आहे हा स्टुडिओचा बचाव न्यायाधीश स्टीफन विल्सन यांनी अमान्य केला आणि ट्रेलरला व्यापारी जाहिरात मानले. पुढच्या वर्षी तो दावा वेगळ्या कारणावरून फेटाळला गेला. विल्सन यांनी आपल्या निर्णयाची व्याप्तीही मर्यादित ठेवली होती : एखादा कलाकार किंवा दृश्य चित्रपटात आहे की नाही, एवढ्यापुरताच तो लागू होता आणि चित्रपटाच्या प्रकाराविषयी ट्रेलरने करून दिलेला समज त्यात येत नव्हता.