खुडलेली भाजी श्वास घेते

मटारच्या ताज्या शेंगांनी गच्च भरलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागते. बाहेरून कुणी ती दिलेली नसते, ती शेंगांचीच असते. वेलीवरून तुटून कितीतरी तास झाले तरी त्यांच्या पेशींचं काम थांबलेलं नसतं. साखर जाळायची, हवेतला ऑक्सिजन घ्यायचा, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडायचं, आणि या सगळ्यात निघणारी उष्णता बाहेर टाकायची. आपलंही श्वसन असंच चालतं. पण आपल्याला पुढचं जेवण मिळणार असतं, शेंगेला मात्र वेलीकडून आता काही येणार नाही. ती गाठीला असलेलं खाऊन जगते आहे, आणि गाठीला जे आहे ते म्हणजे नेमकी आपल्याला हवी असलेली गोडी, रस आणि जीवनसत्त्वं.

भाजी टिकवायची म्हणजे हा खर्च मंद करायचा. त्यात एक मेख आहे. प्रत्येक भाजीचा खर्च वेगळा असतो आणि तो मंद करण्याची रीतही वेगळी. पालक, टोमॅटो, काकडी, बटाटे एकाच पिशवीतून घरी आले आणि तसेच फ्रिजच्या तळातल्या खणात कोंबले, की त्यांतल्या निम्म्यांची गैरसोयच होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात साली, देठ, हाडं असं न खाण्याजोगंही धरलं आहे, तरी त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घराघरांतला होता हे वाचून हॉटेलांकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.

आधी तापमानाचं पाहू. दहा अंश सेल्सिअसने तापमान वाढलं की भाजीचं श्वसन साधारण दुप्पट ते तिप्पट होतं. पण मुळात कोण किती दमाचं, यातही मोठी तफावत आहे. फ्रिजमधल्या पाच अंशांनाही पालक, मटार, मशरूम आणि मक्याची कोवळी कणसं किलोमागे तासाला ६० मिलिग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात. पक्का बटाटा आणि वाळवलेला कांदा जेमतेम पाच ते दहा. बटाटा महिनोन्‌महिने टिकतो आणि पालक चार दिवसांत मान टाकतो, त्याचं बरंचसं कारण या आकड्यांत आहे. मक्याचं कणीस तर उधळ्याच. साध्या जातीच्या कणसातली ६० टक्क्यांपर्यंत साखर ३० अंशांना एका दिवसात स्टार्च होऊन बसते, शून्य अंशाला तेवढ्याच वेळात सहा टक्क्यांच्या आसपास. सकाळी गोड असलेलं कणीस रात्री पिठूळ लागलं, तर बियाण्याला दोष देण्याआधी ते दिवसभर कुठे पडून होतं ते आठवावं.

जीवनसत्त्वांची गळती मात्र जिभेला कळत नाही. पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात पालकातल्या फोलेट या जीवनसत्त्वावर मोजमाप झालं होतं. जवळपास निम्मं फोलेट नाहीसं व्हायला चार अंशांना आठ दिवस लागले, दहा अंशांना सहा आणि वीस अंशांना चार. म्हणजे आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली जुडी वरून हिरवीगार दिसत असली तरी आतून बरीच रिकामी झालेली असते. आणि आपला फ्रिज खरोखर चार अंशांना आहे का, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. आतल्या चकतीवरचे एक ते पाच हे आकडे अंश नव्हेत. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवला, की खरं काय ते सकाळी कळतं.

पालेभाजी मलूल होण्यामागे थंडी-उष्णतेपेक्षा तहानेचा हात मोठा असतो. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पानाची प्रत्येक पेशी या पाण्याने आतून फुगलेली असते, हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी, आणि पानाचा ताठपणा म्हणजे हा आतला दाब. एकूण वजनाच्या तीन ते पाच टक्के पाणी उडालं तरी ट्यूब बसते. आता फ्रिज हे मोठं कोरडं ठिकाण. त्याच्या गार नळ्यांवर हवेतली वाफ जमते आणि वाहून जाते, म्हणून फळीवर उघडी ठेवलेली जुडी लवकर वाळू शकते. तळातला झाकलेला खण त्यासाठीच दिलेला असतो. तिथे भाजीने सोडलेली वाफ कोंडली जाते आणि हवा दमट राहते. काही फ्रिजमध्ये या खणाला सरकती झडप असते. ती बंद केली तर ओल आत राहते, ते पालेभाज्यांना मानवतं. उघडली तर हवा खेळते, ते फळांना बरं.

पण ओल आणि ओलेपणा यांत फरक आहे. हवा दमट हवी, पान ओलं नको. पानावर पाण्याचा थर राहिला की जिवाणू आणि बुरशीला आयतं अंगण मिळतं, आणि दोन दिवसांत पिशवीत काळपट बुळबुळ तयार होते. म्हणून आणल्या आणल्या भाजी धुवायची की नाही, या घरोघरच्या वादात माझं मत न धुण्याच्या बाजूने आहे. धुतलीच तर पार कोरडी करण्याची चिकाटी हवी, आणि ती रोज कुणाकडे असते? पिवळी, चुरगळलेली पानं काढून टाकावीत, बाकीची कोरड्या सुती फडक्यात किंवा कागदात सैल गुंडाळावीत आणि थोडी भोकं असलेल्या पिशवीत घालावीत. फडकं जास्तीचं पाणी टिपतं, पिशवी वाफ धरून ठेवते. कोथिंबिरीच्या मुळ्या थोड्या पाण्यात उभ्या करून वर पिशवीची टोपी घातली तर तीही बरेच दिवस तग धरते. गाजर, मुळा, बीट यांचा पाला मात्र घरी आल्यावर लगेच छाटावा. तो हिरवा दिसतो म्हणून ठेवावासा वाटतो, पण तो कंदातलं पाणी वर ओढून हवेत उडवत राहतो, आणि चार दिवसांनी गाजर रबरासारखं वाकतं.

वाकलेलं गाजर फेकायचं नाही, हेही याच हिशेबातलं. पेशी अजून जिवंत असतील तर गार पाण्यात बुडवून ठेवल्यावर त्या पाणी पुन्हा आत घेतात आणि तासाभरात कोमेजलेलं पान किंवा गाजर बऱ्यापैकी ताठ होतं. बुळबुळीत झालेल्याला हा उपाय नाही. तिथे पेशींच्या भिंतीच फुटलेल्या असतात.

तिसरी गोष्ट दिसत नाही आणि घरात तिचा वासही येत नाही. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं की प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेले वाटाण्याचे कोंब सरळ न वाढता आडवे पसरतात. बाहेरच्या हवेत नेले की सरळ होतात. त्या काळी दिवे कोळशाच्या वायूवर जळायचे. त्या वायूतल्या इथिलीनमुळे कोंब वाकतात, असं त्याने दाखवून दिलं. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेनने सिद्ध केलं की सफरचंद पिकताना हाच वायू स्वतः तयार करतं. झाडं तो एकमेकांसाठी निरोपासारखा वापरतात, असं म्हणायला हरकत नाही. निरोप असतो, ‘पिका, म्हातारे व्हा.’ हवेच्या दहा लाख भागांत इथिलीनचा एखादा भाग, कधी त्याहूनही कमी, पुरतो. सफरचंद, पिकलेलं केळं, पिकता टोमॅटो हा वायू सोडतात. शेजारी ब्रोकोली किंवा काकडी असेल तर पिवळी पडते, पालक वेळेआधी उतरतो आणि गाजर चक्क कडू होतं. ते कडू गाजर खराब झालेलं नसतं, पण कुणी खात नाही, म्हणजे गेलंच. फळं एका खणात आणि पालेभाज्या दुसऱ्यात, एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

आता फ्रिजचा अतिरेक. उष्ण प्रदेशांत घडलेल्या वनस्पतींना गारठा सोसत नाही. काकडी आणि वांगं दहा अंशांच्या खाली फार दिवस राहिले तर अंगावर खड्डे पडतात, आत पाणचट डाग येतात, आणि बाहेर काढल्यावर ते झपाट्याने सडतात. भेंडीही त्याच घरातली. दोन-तीन दिवसांचा प्रश्न असेल तर वरच्या फळीवर, दाराच्या बाजूला ठेवून निभतं. रताळं मात्र फ्रिजमध्ये नकोच. तेरा अंशांच्या खाली त्याचा गाभा असा कडक होतो की शिजवूनही मऊ होत नाही. टोमॅटोचं दुखणं आणखी सूक्ष्म आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पिकलेले टोमॅटो आठवडाभर पाच अंशांना ठेवून पुन्हा बाहेर काढले, तेव्हा त्यांची साखर आणि आम्लं जवळपास तेवढीच होती, पण सुवास देणारी द्रव्यं घटली होती. ती द्रव्यं बनवणारी जनुकं थंडीने मिटवून टाकली होती आणि बाहेर आल्यावरही ती पुरती उघडली नाहीत. कच्चा टोमॅटो बाहेरच पिकू द्यावा. पिकून फुटायला आला आणि आज वापरायचा नसेल, तर वासापेक्षा टोमॅटो वाचवणं महत्त्वाचं, मग फ्रिज बरा.

बटाट्याबद्दलचा सल्ला गेल्या काही वर्षांत बदलला, आणि तो कसा बदलला हे पाहण्यासारखं आहे. सहा-सात अंशांच्या खाली बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा तळला की लवकर करपट होतो आणि त्यात अॅक्रिलामाइड हे नको असलेलं द्रव्य जास्त बनू शकतं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते अन्नात दाखवून दिल्यापासून ‘बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका’ हे जणू सूत्र झालं होतं. २०२३ मध्ये ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने पुरावा पुन्हा तपासला आणि घरगुती फ्रिजने हा धोका लक्षणीय वाढत नाही, असं म्हणत तो इशारा मागे घेतला. तरी फ्रिजमध्ये जागेची मारामारी असेल तर अंधारी, गार, हवेशीर जागा बटाट्याला पुरते. उजेड मात्र टाळावा. त्यात तो हिरवा होतो, आणि हिरव्याबरोबर सोलॅनिनसारखी कडू विषद्रव्यंही वाढतात. शेजारी कांदा नको. कांदा कोरड्या हवेत सुखी, बटाट्याला दमट हवा लागते, एकाच टोपलीत दोघांपैकी एक रुसणारच.

एवढं सगळं करूनही भाजी उरणार आहे हे दिसत असेल तर फ्रीझर. इथे नियम उलटे होतात, कारण फ्रीझरमध्ये भाजी जिवंत राहत नाही. पेशींतलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बर्फाचे स्फटिक पेशीभित्तिका फाडतात. उणे एक ते उणे पाच अंशांच्या पट्ट्यात भाजी जितका वेळ रेंगाळेल तितके स्फटिक मोठे आणि नासाडी जास्त. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन निसर्गतज्ज्ञ १९१२ ते १९१५ च्या दरम्यान कॅनडाच्या लॅब्राडोर भागात राहत होता. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासा क्षणात गोठवत, आणि महिन्यांनंतरही तो ताजा लागायचा. यातूनच त्याला वेगाने गोठवण्याची युक्ती सुचली. घरच्या फ्रीझरला तो वेग नाही, म्हणून आपण त्याला मदत करायची: भाजी आधी गार करून, ताटात एकेरी थरात पसरून गोठवायची, मग पिशवीत भरून हवा दाबून काढायची. किलोभर गरम मटार एका डब्यात कोंबले तर मधले दाणे तासन्‌तास त्याच पट्ट्यात अडकून राहतात.

त्याआधी भाजी थोडा वेळ उकळत्या पाण्यात बुडवण्याची पायरी आहे आणि ती गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पेशी मेल्या तरी त्यांच्यातली विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी एन्झाइम, मरत नाहीत. उणे अठरा अंशांनाही ती संथपणे काम करतात, आणि दोन-तीन महिन्यांनी फरसबीला वाळल्या गवताचा वास येतो, मटार फिके पडतात. उकळतं पाणी त्यांना निकामी करतं. अर्धा किलो भाजीला सुमारे चार लिटर पाणी घ्यावं. मटारांना दीड मिनिट, पालक आणि गाजराच्या चकत्यांना दोन, फरसबी आणि फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन मिनिटं. मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, आणि नीट निथळून गोठवायला. वेळ कमी पडला तर विकरं नुसती चेकाळतात, त्यापेक्षा काहीच न केलेलं बरं. चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची तशीच गोठवली तरी चालते. टोमॅटो अख्खा गोठतो, आणि नंतर पाण्याखाली धरला की साल आपोआप निघते. काकडी, मुळा, सॅलडची पानं यांच्या वाटेला जाऊ नये, वितळल्यावर त्यांचा चोथा होतो.

आणि हे ताज्या भाजीचं करायचं. मान टाकलेली जुडी शेवटचा उपाय म्हणून फ्रीझरमध्ये ढकलली, तर तीन महिन्यांनी मान टाकलेलीच बाहेर येते.

फ्रीझरच्या थंडीने जिवाणूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातल्या पाच देशांत गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग पसरला. जुलै २०१८ च्या अहवालात ४७ रुग्ण आणि नऊ मृत्यूंची नोंद आहे. लिस्टेरिया फ्रिजच्या तापमानालाही वाढतो, हा त्याचा विशेष. म्हणून पाकिटातले दाणे नुसते वितळवून थेट सॅलडमध्ये टाकू नयेत, शिजवूनच घ्यावेत. वितळत ठेवायचीही गरज नसते, गोठलेलेच कढईत पडले तर ते कमी लिबलिबीत होतात.

विकतचं पाकीट घेताना हलवून पाहावं. दाणे खुळखुळले तर ठीक. एकच ढेकूळ लागलं तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता मोठी. घरच्या फ्रीझरची अशीच परीक्षा घेता येते. पेलाभर पाण्याचा बर्फ करायचा, त्यावर एक नाणं ठेवायचं आणि पेला आतच राहू द्यायचा. वीज गेल्यावर दार न उघडता भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. पण आपण गावाला गेलेलो असताना वीज किती तास गेली हे कोण सांगणार? परत आल्यावर नाणं बर्फावरच असेल तर भाजी शाबूत आहे. तळाशी गोठलेलं सापडलं, तर पिशव्या बाहेर काढाव्या लागतील.